वादकवाचक संज्ञा

निरनिराळी वाद्ये वाजविणाऱ्या व्यक्तींसाठी भाषेत रूढ असलेली नामे. मराठीत अशा नामांची संख्या मोठी असून त्यांत संस्कृत, प्राकृत, फार्सी, तुर्की, हिंदी व अलीकडे इंग्रजी अशा अनेक थरांचे शब्द एकत्र नांदताना आढळतात. विणेकरी, टाळकरी, मृदंगी, पखवाजी, ढोलक्या, तुणतुण्या, हलगीवाला, नगारची, तबलजी, बीनकार, सतारिया, सनईवादक हे शब्द वरवर पाहता एकाच अर्थाचे, म्हणजे ‘अमुक वाद्य वाजविणारा’ एवढाच बोध करून देणारे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक शब्दाने वादकाचे समाजातील स्थान, त्याची जात, त्याच्या वाद्याचा प्रसंग आणि त्याला द्यावयाचा मान ह्यांविषयी काही ना काही सांगितलेले असते. त्यामुळे हा विषय व्याकरणाइतकाच समाजशास्त्राचाही आहे.

‘वादक’ हा आज सर्वसामान्य झालेला शब्द ‘वद्’ (बोलणे) ह्या धातूच्या प्रयोजक रूपापासून बनला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘बोलावयास लावणारा’ असा होतो आणि ‘वाद्य’ म्हणजे ज्याला बोलावयास लावावयाचे ते. मराठीतील ‘वाजणे’ हे क्रियापदही ह्याच धातूच्या ‘वाद्यते’ ह्या रूपाचे प्राकृतातून आलेले अपत्य होय. मात्र प्राचीन भाषेत हा एकच धातू सर्व वाद्यांना पुरत नसे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाच्या निमित्ताने समाजातील नाना व्यावसायिकांची जी यादी आली आहे, तीत वीणावाद, तूणवध्म, शंखध्म, पाणिघ्न व आडंबराघात अशी नामे आढळतात. वीणा ‘बोलवावयाची’, तूणव व शंख ‘फुंकावयाचे’ (ध्मा धातू), आडंबर नावाचा ढोल व हाताची टाळी ‘हाणावयाची’ (हन् धातू), असा हा स्पष्ट विवेक आहे. वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्राने पुढे सांगितले. त्यांतील काहींची चाहूल ह्या शब्दांच्या घडणीतच लागते.

मराठीनेही हा विवेक नामांत नव्हे, तरी क्रियापदांत जपून ठेवला आहे. शिंग, तुतारी व शंख फुंकतात, सतार छेडतात, टाळ धरतात, दवंडी पिटतात आणि ढोल बडवितात. ह्यांपैकी ‘छेडणे’ आणि ‘बडविणे’ ह्यांच्या प्रतिष्ठेत जे अंतर आहे, तेच पुष्कळदा त्या त्या वादकाच्या प्रतिष्ठेतही दिसते. ‘टाळ कुटणे’ हा प्रयोग तर उघड उपहासाचा असून त्यावरून ‘टाळकुट्या’ हे निंदावाचक नाम तयार झाले आहे. वारकऱ्याला टाळकरी म्हटल्यास तो संतोष पावतो, पण टाळकुट्या म्हटल्यास भांडावयास उठेल.

संस्कृत व्याकरणात वादकवाचक शब्दांचा विचार पाणिनीने स्वतंत्रपणे केला आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायातील ‘शिल्पम्’ ह्या सूत्रानुसार (४·४·५५) एखादे शिल्प, म्हणजे कौशल्य, ज्याचे असेल त्याच्या अर्थी ‘इक’ असा अंत होणारा शब्द सिद्ध होतो. मृदंगापासून मार्दंगिक, पणवापासून पाणविक, वीणेपासून वैणिक हे शब्द अशा प्रकारचे आहेत. लगेच पुढच्या सूत्रात मड्डुक व झर्झर ह्या दोन वाद्यांसाठी पर्यायी प्रत्यय सांगितला असून त्यामुळे ‘झार्झरिक’ व ‘झार्झर’ अशी दोन्ही रूपे साधतात. दोन किरकोळ वाद्यांच्या वादकांसाठी वेगळे सूत्र करावे लागले, ह्यावरून हे शब्द त्या काळी प्रत्यक्ष वापरात होते असे अनुमान करता येते.

ह्या सूत्रावर पतंजलीने महाभाष्यात घेतलेली शंका मोठी मार्मिक आहे. मृदंग हे ज्याचे शिल्प तो मार्दंगिक असा अर्थ केला, तर तो कुंभारालाही लागू पडेल. कारण मृदंगाचे भांडे मातीचे व ते घडविणे हे कुंभाराचे शिल्प. म्हणून मृदंग ह्या शब्दाने येथे ‘मृदंगवादन’ समजावयाचे, असे समाधान त्याने केले आहे. वाद्य घडविणारा आणि वाद्य वाजविणारा ह्यांना एकच नाव मिळण्याची ही अडचण नंतरच्या भाषांनाही चुकलेली नाही. मराठीतील ‘पेटीवाला’ हा पेटी वाजविणारा, विकणारा की दुरुस्त करणारा, हे संदर्भावाचून कळत नाही. मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब ह्या शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगाराने सतारी घडविण्यास आरंभ केला आणि त्यांच्या परंपरेतील कारागिरांना पुढे ‘सतारमेकर’ हे नाव पडले. तेच आज आडनाव म्हणूनही चालते. सतारिया हा शब्द वादकाकडे गेलेला असल्यामुळे कारागिरासाठी इंग्रजीचा प्रत्यय उसना घ्यावा लागला. पतंजलीच्या कुंभाराचा प्रश्न मिरजेने असा सोडविला. (मिरजेची सतार व तंबोरा ह्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.)

अमरकोशात वेणुध्म व वैणविक, वीणावाद व वैणिक, मार्दंगिक व मौरजिक, पाणिवाद व पाणिघ अशा पर्यायांच्या जोड्या दिल्या आहेत. त्या दुसऱ्या कांडातील शूद्रवर्गात, म्हणजे कुंभार, विणकर, चित्रकार, नट व चारण ह्यांच्या सोबत येतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाद्यांची नावे मात्र कोशकाराने पहिल्या कांडातील नाट्यवर्गात दिली आहेत. वाद्य एका वर्गात आणि ते वाजविणारा हात दुसऱ्या वर्गात, ही विभागणी भारतीय समाजाने पुढे दीर्घकाळ पाळली.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) वादकाचा विचार अधिक व्यावसायिक भूमिकेवरून झाला आहे. गायक-वादकांच्या समूहाला ‘वृंद’ ही संज्ञा देऊन उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ वांशिक (बासरीवादक) व ४ मार्दंगिक असावेत, असे प्रमाण त्याने घालून दिले आहे. येथे ‘मार्दंगिक’ हा जातिवाचक शब्द नसून वृंदातील एका पदाचे नाव आहे. वादकवाचक शब्दाच्या ह्या दोन वृत्ती, म्हणजे जातीचे नाव होणे आणि पदाचे नाव होणे, मराठीतही पुढे समांतर चाललेल्या दिसतात.

मराठीतील घडण : मराठीत वादकवाचक शब्द मुख्यत्वे काही ठरावीक प्रत्ययांनी बनतात. संस्कृत ‘इक’चा प्राकृतात ‘इअ’ व मराठीत ‘ई’ झाला. तैलिकाचा तेली झाला त्याच वाटेने मृदंगी, पखवाजी हे शब्द आले आहेत. ‘वाजंत्री’ हा ‘वाजंत्र’ (वाद्य) ह्यापासून असाच साधलेला शब्द असला, तरी तोच शब्द वाद्यांच्या समुदायालाही लावतात. त्यामुळे लग्नात वाजंत्री वाजतही असतात आणि जेवतही असतात. हा घोटाळा टाळण्यासाठीच की काय, बोलीत ‘वाजंत्रीवाले’ असा दुहेरी प्रत्ययाचा शब्द रूढ झाला. ‘इक’च्याच कुळातील ‘या’ हा प्रत्यय मराठीत सलगीचा किंवा किंचित हलकेपणाचा भाव दर्शवितो. ढोलक्या, तुणतुण्या, शिंगाड्या ही त्याची उदाहरणे होत. हिंदीतील तबलिया, सारंगिया, सरोदिया ह्या शब्दांतही मुळात हाच प्रत्यय आहे. पण ते शब्द कलावंतांच्या घराण्यांबरोबर आल्यामुळे मराठी कानांना प्रतिष्ठित वाटतात. म्हणजे प्रतिष्ठा प्रत्ययात नसून तो शब्द कोणाच्या पंगतीतून आला ह्यावर अवलंबून असते.

‘करी’ हा प्रत्यय मात्र अस्सल मराठी वळणाचा असून तो वादकाला कर्तव्याशी जोडतो. शेतकरी, वारकरी, मानकरी ह्यांच्या जोडीने टाळकरी, विणेकरी, झीलकरी हे शब्द येतात. ठाणे-पालघरकडील वारल्यांत तारपे वाजविणाऱ्याला तारपकरी म्हणतात. ह्या प्रत्ययाचा शब्द सहसा अवहेलनेचा होत नाही. उलट ‘वाला’ हा हिंदीतून रुळलेला प्रत्यय सर्वांत सैल आहे. त्याने वाद्याशी असलेला कोणताही संबंध व्यक्त होतो. म्हणूनच तो प्राधान्याने मोल देऊन बोलाविलेल्या वादकांना लागतो (सनईवाला, ताशेवाला, चौघडेवाले, बँडवाले).

‘ची’ हा तुर्की प्रत्यय फार्सीमार्फत मराठीत आला. मशालची, तोपची ह्यांप्रमाणे नगाऱ्यापासून नगारची व तबल्यापासून तबलची हे शब्द तयार झाले. त्यांपैकी ‘तबलची’चे मराठीत ‘तबलजी’ झाले आणि त्यातील ‘जी’ हा आदरार्थी असल्याचा समज पसरला. गंमत अशी की, आदराचा प्रत्यय लागलेला भासणारा हा शब्दच कलावंतिणीच्या बैठकीतील साथीदाराशी जोडला गेल्यामुळे गेल्या शतकात हलका मानला जाऊ लागला आणि त्याची जागा ‘तबलावादक’, ‘तबलापटू’ ह्या शब्दांनी घेतली. फार्सी ‘नवाज’ हा उत्तरपदाचा शब्द ‘गोंजारणे, कृपा करणे, वाद्य वाजविणे’ असे अर्थ असलेल्या धातूचा आहे. ‘गरीबनवाज’ आणि ‘तबलानवाज’ ह्यांतील नवाज एकच होय. वाद्य बडविणे, छेडणे आणि गोंजारणे ह्या तीन क्रियापदांत वादकाच्या दर्जाच्या तीन पायऱ्या जणू मांडलेल्या आहेत.

वीणेचे तीन वादक : एकाच कुळातील वाद्याला तीन वेगळ्या जगांत तीन वेगळे वादकवाचक शब्द कसे मिळतात, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे वीणा. ‘वैणिक’ हा शब्द शास्त्रग्रंथांत व आज मुख्यतः कर्नाटक संगीताच्या संदर्भात वापरला जातो. ‘बीनकार’ हा धृपद परंपरेतील रुद्रवीणा वाजविणारा उस्ताद होय; एकोणिसाव्या शतकातील विख्यात बंदे अली खाँ ह्यांच्या नावापुढे हीच संज्ञा लागते व त्यांची अखेर पुण्यात झाली. हिंदी प्रदेशात गारुड्याच्या पुंगीलाही बीन म्हणतात, पण गारुड्याला कोणी बीनकार म्हणत नाही. त्याच्या वाट्याला ‘बीनवाला’ येतो. तिसरा शब्द ‘विणेकरी’ हा वारकरी संप्रदायातील आहे आणि तो पहिल्या दोहोंहून अगदी निराळा आहे.

विणेकरी राग वाजवीत नाही. गळ्यात अडकविलेल्या वीणेच्या मोकळ्या तारा छेडून तो स्वराचा आधार देतो व नामस्मरण करतो. दिंडीत त्याच्यापुढे पताकाधारी, टाळकरी व मृदंगी चालतात आणि दिंडीचे प्रमुखपण त्याच्याकडे असते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस व सात रात्री वीणा खाली ठेवावयाची नसते. ती पहाऱ्यापहाऱ्याने एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते व त्या वेळी दोघे परस्परांच्या पाया पडतात. मग गावातील मानाचा माणूस असो वा अल्पभूधारक शेतकरी, जोवर वीणा गळ्यात आहे तोवर लहानथोर त्याला नमस्कार करतात. ‘विणेकरी’ हे म्हणून कौशल्याचे नव्हे, तर अधिकाराचे नाव आहे आणि तो अधिकार पहाऱ्यापुरता असतो. वाद्य वाजविण्याचे कसब जवळपास अनावश्यक ठरवून वादकाला सर्वोच्च मान देणारा दुसरा मराठी शब्द दाखविता येणार नाही.

त्याच सप्ताहाच्या छापील पत्रिकेत पखवाज वाजविणाऱ्याला मात्र ‘मृदंगी’ म्हटलेले क्वचितच दिसते. तो ‘मृदंगमणी’ किंवा ‘मृदंगाचार्य’ असतो. नानासाहेब पानसे ह्यांच्यासारख्या घराणे स्थापन करणाऱ्या पखवाजियाला लाभलेली ‘मृदंगाचार्य’ ही पदवी आता गावोगावच्या तरुण वादकांनाही सहज मिळते. ती कोणत्याही विद्यापीठाची नसल्यामुळे तिच्यावर आक्षेपही कोणी घेत नाही. गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर (१८७९–१९५३) ह्यांची ‘लयभास्कर’ ही पदवी मात्र त्यांच्या लयीवरील असामान्य प्रभुत्वामुळे नावाचाच भाग बनून गेली.

गाणारा वादक : मराठी शब्दव्यवहाराचा एक नियम असा दिसतो की, जो स्वतः गातो आणि वाजवितोही, त्याला वाद्यावरून नाव पडत नाही. शाहिराच्या हाती डफ असतो, पण तो डफवाला नव्हे. वासुदेव टाळ-चिपळ्या वाजवितो, गोंधळ्याच्या मेळ्यात संबळ व तुणतुणे असते, वाघ्या दिमडी वाजवितो. तथापि ही नावे विधीवरून, देवतेवरून किंवा भूमिकेवरून पडलेली आहेत. वाद्याचे नाव चिकटते ते साथ करणाऱ्याला. तमाशाच्या फडात सरदार, नाच्या, सोंगाड्या ह्यांच्या बरोबरीने ढोलक्या, तुणतुण्या, हलगीवाला व कडेवाला असतात. त्यांतही ढोलक्या वरचढ. त्याच्या हातावर फड तरतो, त्यामुळे ‘या’ प्रत्ययाचा हलकेपणा त्याच्या बाबतीत जाणवत नाही. संगीत नाटक मंडळ्यांत ‘साजिंदे’ व ‘साथीदार’ हे समूहवाचक शब्द रूढ होते. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर व कादरबक्ष सारंगीवर साथ करीत. पुढे त्यांचे नाव तबल्याच्या इतिहासात कितीही मोठे झाले, तरी त्या काळच्या प्रेक्षकाच्या तोंडी थिरकवा हे ‘तबलजी’च होते.

ह्या नियमाला अपवाद आढळतात ते भिक्षेकरी जमातींत. डौर हे डमरूच्या आकाराचे वाद्य वाजवीत फिरणारे नाथपंथी ‘डवरी’ आणि किंगरी वाजविणारे ‘किंगरीवाले’ हे गातही असतात. पण त्यांची ओळख गावकऱ्यांना दारात पडलेल्या वाद्याच्या आवाजावरून पटते आणि नावही त्याच आवाजावरून पडते.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : वादकवाचक शब्दांचे हे सर्व प्रकार एका छोट्या प्रदेशात एकत्र पाहावयाचे असल्यास विदर्भातील यवतमाळ (१९०५ पूर्वीचा वणी) जिल्ह्याइतके सोईचे क्षेत्र क्वचितच मिळेल. वऱ्हाडी मराठीखेरीज गोंडी, कोलामी व बंजारी ह्या भाषा येथे बोलल्या जातात आणि प्रत्येकीबरोबर वादकांची वेगळी परंपरा आली आहे.

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने टाळकरी हा येथे ‘टायकरी’ होतो. भजनी मंडळांत टाळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, स्थान खंजेरीला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) खंजेरीवर भजने म्हणून ग्रामसुधारणेचा प्रचार विदर्भभर केला व त्यामुळे हे साधे वाद्य प्रतिष्ठेस चढले. त्याच प्रबोधनपर परंपरेत अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजेऱ्या वाजवीत कीर्तन करतात. त्यांच्या नावामागे लागणारे ‘सप्तखंजेरीवादक’ हे विशेषण विदर्भात सर्वतोमुखी आहे. देशी वाद्य, संस्कृत संख्या व संस्कृत प्रत्यय ह्यांचा असा बेमालूम सांधा कोशकारांनाही जमला नसता.

लग्न, पोळा, देवाची मिरवणूक व अंत्ययात्रा ह्या प्रसंगी वाजविले जाणारे जिल्ह्यातील मुख्य चर्मवाद्य म्हणजे डफडे. ते गळ्यात अडकवून काड्यांनी वाजवितात आणि कातडे सैल पडल्यास जाळावर शेकून घेतात. शाहिराचा ‘डफ’ आणि गावाचे ‘डफडे’ ही एकाच घराण्यातील वाद्ये होत. फरक ‘डे’ ह्या हीनत्वदर्शक प्रत्ययाचा आहे. हा प्रत्यय वाद्याला लागलेला असला, तरी त्याचा रोख ते वाजविणाऱ्याकडे होता. डफडे वाजविणे हे पूर्वास्पृश्य जातींकडे वंशपरंपरेने आलेले गावकीचे काम होते. बोलावणे आले की जावयाचे, मांडवाबाहेर बसावयाचे व मिळेल ते घ्यावयाचे, असा त्याचा व्यवहार होता. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिल्यावर डफडे व सनई वाजल्यावाचून सण साजरा होत नसे, पण ज्याच्या वादनावाचून सण अडे त्याला नाव होते ते केवळ जातीचे. ‘डफडेवाला’ हा शब्ददेखील बाहेरच्या माणसासाठीच होता. गावात त्याला जातीवरूनच हाक मारीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनी व हीन मानलेली कामे टाकून देण्याचा जो आग्रह धरला, त्याचा परिणाम ह्या शब्दावर प्रत्यक्ष झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भातील बौद्ध समाजाने मृत जनावरे ओढण्याबरोबर गावासाठी वाजविण्याचेही काम बहुतेक ठिकाणी सोडले. संगीत मात्र सोडले नाही. आंबेडकरी जलशांत व गायन पार्ट्यांत तेच हात ढोलकी, पेटी व तबल्याकडे वळले आणि तेथे त्यांना शाहीर, गायक, वादक ही नावे मिळाली. वाद्य बदलण्यामागे नाव बदलण्याची निकड होती, हे येथे विसरता येत नाही. मातंग समाजातील अनेक कुटुंबांनी वादनाचा व्यवसाय पुढे चालविला. त्याचे रूप मात्र ठरावीक मोबदला घेणाऱ्या बँड पथकाचे झाले. गाडीवर व गणवेशावर पथकाचे नाव असते, मुख्य वादकाला ‘मास्तर’ म्हणतात आणि सुपारी ठरल्यावाचून कोणी येत नाही. ‘बँडवाला’ हा शब्द शिष्ट कानाला ओबडधोबड वाटला, तरी ‘डफडेवाला’पासून ‘बँड मास्तर’पर्यंतचे अंतर ह्या समाजाने स्वतः चालून काटलेले आहे.

गोंडांचे परंपरागत गायक-वादक ‘परधान’ हे यवतमाळ, चंद्रपूर आणि पैनगंगेपलीकडील आदिलाबाद ह्या भागांत आढळतात. धनुकलीने वाजवावयाचे किकरी हे तंतुवाद्य हे त्यांचे वैशिष्ट्य. देवतांच्या व कुळांच्या कथा किकरीच्या साथीने गाऊन दाखविणे हे त्यांचे गोंड यजमानांप्रती कर्तव्य असते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काळात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास करताना एक विलक्षण गोष्ट नोंदविली : परधानांची घरची भाषा मराठी असून त्यांनी जतन केलेले कथाधन मात्र गोंडी आहे. एका भाषेत जगणारा व दुसरीत गाणारा हा वादकवर्ग दोन्ही भाषांना जोडून राहिला. ‘परधान’ ह्या शब्दात वाद्याचा कोणताही उल्लेख नाही, कारण येथेही गाणारा वादक वाद्याच्या नावाने ओळखला जात नाही हा वर सांगितलेला नियम लागू पडतो.

पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या भागांत बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. तांड्याच्या जुन्या व्यवस्थेत वंशावळ सांगणारे व स्तुतिगायन करणारे ‘ढाडी’ आणि नगारा वाजविणारे ‘ढालिया’ असे आश्रित वर्ग होते. ढाडी ह्या शब्दाचा प्रवास लांबचा आहे. आईन-इ-अकबरीत ढाढी हे पंजाबातील गायक म्हणून येतात व त्यांच्या वाद्यांत ढड्ड ह्या छोट्या चर्मवाद्याचा उल्लेख आहे. पंजाबात ढाडी हे नाव आजही त्या वाद्याशी निगडित आहे. बंजारा तांड्याबरोबर दक्षिणेत येईपर्यंत शब्दातून वाद्य गळून पडले आणि उरला तो केवळ वंशावळ गाणारा. नगाऱ्याचे मात्र उलट झाले. बंजारीत ‘नंगारा’ म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य समाजाच्या अस्मितेचे चिन्ह ठरले. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाची ओळखही ह्याच वाद्याशी निगडित आहे. वाद्य मानाच्या स्थानी गेले. ते वाजविणाऱ्या ढालियाचे नाव मात्र आज फारसे ऐकू येत नाही.

शासकीय याद्या : वादकवाचक शब्दाचे जातिनामात रूपांतर पूर्ण झाल्यावर तो शासकीय यादीत दाखल होतो. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड ह्या नोंदीखाली ‘नगारची’ व ‘थोट्या’ ही नावे येतात आणि परधान ही स्वतंत्र नोंद आहे. भटक्या जमातींच्या यादीत भराडी ह्या नोंदीखाली किंगरीवाले व नाथपंथी डवरी गोसावी हे पोटवर्ग दिलेले आहेत. एके काळी ‘नगारा वाजविणारा’ एवढाच ज्याचा अर्थ होता, तो शब्द आता शाळेच्या दाखल्यावर व जात-पडताळणीच्या कागदावर लिहिला जातो. ज्याने नगाऱ्याला कधी हात लावलेला नाही अशा मुलाचे शिक्षण व नोकरी त्या शब्दाच्या नेमक्या अक्षरांवर अवलंबून राहते. एखाद्या पूर्वजाच्या दाखल्यात तलाठ्याने जातीऐवजी केवळ व्यवसाय म्हणून ‘वाजंत्री’ लिहून ठेवले असेल, तर तो शब्द कोणत्याही यादीत बसत नाही आणि वंशजाला जातीचा दुसरा पुरावा शोधावा लागतो. कोशातील अर्थभेदाचे व्यवहारातील मोल इतके प्रत्यक्ष असलेली उदाहरणे थोडी आहेत.

आधुनिक काळ : विसाव्या शतकात सभा, नभोवाणी व संगीत महाविद्यालये ह्यांच्यामुळे ‘वादक’ हे उत्तरपद सर्व वाद्यांना सरसकट लागू लागले. सतारवादक, सनईवादक, ढोलकीवादक, संतूरवादक हे शब्द एका साच्याचे असून त्यांतून जात व प्रसंग दोन्ही पुसले जातात, हा त्यांचा मोठाच गुण होय. हार्मोनिअमच्या बाबतीत ‘पेटी’, ‘बाजाची पेटी’ व ‘संवादिनी’ असे तीन पर्याय असल्याने पेटीवाला, पेटीमास्तर व संवादिनीवादक अशी चढती श्रेणी तयार झाली. १९४० ते १९७१ ह्या काळात आकाशवाणीने हार्मोनिअमला मज्जाव केला होता. ह्या वाद्याचे शास्त्रीय संगीतातील स्थान पुन्हा पक्के होऊ लागल्यानंतरच्या काळात ‘संवादिनीवादक’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकांतून अधिकाधिक दिसू लागला.

ह्या नव्या शब्दाने जुने भेद पुरते मिटविले असे मात्र नाही. गणेशोत्सवात पुण्यासारख्या शहरांतून निघणाऱ्या ढोल-ताशा पथकांत महाविद्यालयीन तरुण-तरुणी हौसेने भाग घेतात. त्यांना ‘वादक’ म्हणतात व पथकाच्या नोंदणीपत्रकावरही तसेच छापलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या तेच ढोल व तेच ताशे पोटासाठी वाजविणारा माणूस शेजारून गेला, तर तो ‘ताशेवाला’च राहतो. ‘डीजेवाला’ हा तर वाद्यावाचून वाजविणारा. त्याला जुना ‘वाला’ प्रत्ययच मिळाला, कारण तोही मोलाने बोलाविला जातो. वाद्यवृंदांतील की-बोर्ड, ऑक्टोपॅड व गिटार वाजविणारे स्वतःला इंग्रजी नावांनीच संबोधितात व मराठी निवेदक त्यांना ‘वादक’ जोडून परिचित करून देतात.

स्त्रीलिंगी रूपांच्या बाबतीत मराठी अद्याप चाचपडत आहे. संस्कृत व्याकरणाने ‘वादिका’ हे रूप सिद्ध असले, तरी व्यवहारात ‘तबलावादक’ हाच शब्द स्त्रियांनाही लावण्याकडे कल दिसतो. टाळकरी, मृदंगी, ढोलक्या, विणेकरी ह्यांना रूढ स्त्रीलिंगी रूपे नाहीत. दिंडीतील स्त्रीची पारंपरिक ओळख वाद्यावरून नव्हे, तर डोक्यावरील तुळशीवृंदावनावरून होत आली आहे. महिलांची स्वतंत्र भजनी मंडळे विदर्भात गावोगाव आहेत आणि त्यांत पेटी, तबला, खंजेरी व टाळ ही सर्व वाद्ये स्त्रियाच वाजवितात. त्यांना एकेकीचे वाद्यनाम न लावता ‘मंडळातल्या बाया’ असे म्हणण्याचाच प्रघात आहे.